गडावरची यात्रा : श्रद्धा आणि शिस्त

(सप्तशृंगगडाच्या चैत्रोत्सवापूर्वी सरपंच, पंचायत समिती सदस्य, ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात जिल्हा माहिती कार्यालयातील अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



चैत्र महिना लागला की खानदेशातील वाटा भगव्या पताकांनी फुलू लागतात. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आणि मालेगाव, सटाणा, देवळा या परिसरातून हजारो माणसे पायी निघतात. डोक्यावर ऊन, पायांखाली तापलेला डांबरी रस्ता आणि मुखी आईचा उदोकार. या सर्वांची वाट नांदुरीला येऊन मिळते आणि तेथून सप्तशृंगगडाची चढण सुरू होते. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या या उत्सवाला आता थोडेच दिवस उरले आहेत. येणाऱ्या प्रत्येक माणसाला दर्शन घडावे आणि तो सुखरूप घरी परतावा, यासाठी आपण काय केले पाहिजे, याचा विचार करण्याकरिता आपण एकत्र आलो आहोत.

गड आणि त्याची परंपरा

नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातील हे स्थान महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानले जाते. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे. सातमाळा रांगेतील सात शिखरांवरून सप्तशृंग हे नाव पडले. उभ्या कड्याच्या पोटात कोरलेली सुमारे आठ फूट उंचीची, अठरा हातांची देवीची मूर्ती ही महिषासुरमर्दिनीची होय. मूर्तीची मान किंचित एका बाजूस कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत आणि देवी तो कान देऊन ऐकत असे, म्हणून मान कलली, अशी लोकांची श्रद्धा आहे. वर्षानुवर्षे मूर्तीवर चढलेले शेंदराचे जाड थर २०२२ मध्ये शास्त्रीय पद्धतीने दूर करण्यात आले, तेव्हा मूळ शिल्पाचे रूप भाविकांना पाहावयास मिळाले. कड्याच्या पायऱ्या बांधून घेण्याचे श्रेय तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांना दिले जाते. म्हणजे यात्रेकरूची वाट सुकर करणे हे पुण्यकर्म होय, ही जाणीव या गडावर तीन शतकांपूर्वीही होती.

गडावर वर्षातून तीनदा मोठी गर्दी होते आणि प्रत्येक गर्दीचे स्वरूप वेगळे असते, हे व्यवस्था पाहणाऱ्यांनी लक्षात घेणे अगत्याचे आहे. आश्विनातील नवरात्रात गर्दी नऊ दिवस विभागलेली असते. कोजागरीला नद्यांचे पाणी घेऊन येणारे कावडीवाले आणि तृतीयपंथी भाविक मोठ्या संख्येने जमतात आणि गर्दीचा सारा भर एका रात्रीवर येतो. चैत्रोत्सवात पायी येणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. खानदेश हे देवीचे माहेर मानले जाते, त्यामुळे चैत्राची यात्रा ही तेथील लोकांना घरच्या कार्यासारखी वाटते. ही माणसे थकून येतात, एका वेळी येतात आणि ध्वज लागेपर्यंत परतण्याचे नाव काढीत नाहीत.

मांढरदेवचा धडा

डोंगरावरील देवस्थानाची यात्रा बिघडली तर काय होते, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २००५ रोजी पाहिले. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेव येथे काळूबाईची यात्रा होती. शाकंभरी पौर्णिमेचा दिवस, लाखोंची गर्दी आणि देवळाकडे जाणारी अरुंद, चढती वाट. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही माणसे घसरली, त्यांच्यावर मागची माणसे पडली. त्यातच वाटेलगतच्या दुकानांना आग लागली आणि गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. पळायला वाट नव्हती. सुमारे ३०० भाविक मृत्यू पावले. त्यांत स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी होती. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे मांढरदेवला यात्राकाळात पशुहत्या आणि वाद्ये यांवर बंदी आली. आज तेथे यात्रेच्या कितीतरी आधीपासून महसूल, पोलीस, आरोग्य, परिवहन आणि देवस्थान यांच्या एकत्र बैठका होतात. ही शिस्त सातारा जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन मिळविली आहे.

मांढरदेवची घटना एकटी नाही. ३ ऑगस्ट २००८ रोजी हिमाचल प्रदेशातील नैनादेवीच्या डोंगरावर दरड कोसळल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत सुमारे १४५ माणसे दगावली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, जोधपूरच्या किल्ल्यातील चामुंडादेवीच्या उताराच्या वाटेवर दोनशेहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. १ जानेवारी २०२२ रोजी वैष्णोदेवी येथे १२ जण मृत्यू पावले. २७ जुलै २०२५ रोजी हरिद्वारच्या मनसादेवीच्या पायऱ्यांवर अशीच दुर्घटना घडली. तेथे वीजप्रवाह उतरल्याची अफवा पसरली होती, असे सांगण्यात आले. प्रांत निरनिराळे आणि वर्षेही निरनिराळी, परंतु अरुंद वाट, चढउतार, येणाऱ्या व जाणाऱ्या माणसांची समोरासमोर गाठ आणि एखादी अफवा किंवा एखादे घसरलेले पाऊल, या गोष्टी वारंवार दिसून येतात.

अशा प्रसंगी 'लोक बेशिस्त होते' असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे न्यायाला धरून नाही. गर्दी मर्यादेत असते तोवर माणूस स्वतःच्या इच्छेने चालतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की त्याचे पाऊल त्याच्या ताब्यात राहत नाही. मागचा लोंढा त्याला पुढे ढकलतो आणि मागच्या माणसाला पुढे काय घडले हे दिसतही नाही. अशा गर्दीतील बहुतेक मृत्यू तुडविले गेल्याने होत नाहीत, तर छातीवर दाब पडून श्वास कोंडल्याने होतात. एकदा ही अवस्था आली की पोलिसांची शिट्टी आणि ध्वनिक्षेपकावरील विनंती यांचा उपयोग होत नाही. म्हणून खरे काम ही अवस्था येण्यापूर्वी, म्हणजे आजच्यासारख्या बैठकांतून, करावयाचे असते.

साधा हिशेब

आपण एक साधा हिशेब करून पाहू. समजा, मूर्तीसमोरून प्रत्येक भाविक दोन सेकंदांत पुढे सरकला. म्हणजे एका बारीतून तासाला १,८०० माणसांचे दर्शन होईल. मंदिर रात्रंदिवस उघडे ठेवले तरी चोवीस तासांत ४३,२०० माणसे होतात. आता एक लाख माणसे आली असे धरले, तर एका बारीने सर्वांचे दर्शन आटोपण्यास पंचावन्न तासांहून अधिक वेळ लागेल. दोन बाऱ्या केल्या तर सुमारे अठ्ठावीस तास. आणि प्रत्येकाने दोनऐवजी चार सेकंद घेतले, तर हा वेळ दुप्पट होईल.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की, गडावर किती माणसे चढू शकतात यापेक्षा मूर्तीसमोरून तासाला किती माणसे पुढे जातात, हा आकडा महत्त्वाचा आहे. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. वृद्ध, अपंग आणि आजारी भाविकांना तिने मोठा दिलासा दिला, यात शंका नाही. परंतु ट्रॉलीने चढण सोपी झाली तरी गाभारा काही रुंद झाला नाही. माणसे लवकर वर पोचली तर ती वरच थांबतील. दुसरी गोष्ट अशी की, थांबावे तर लागणारच आहे. मग ते कोठे थांबावे हे आपण ठरवावयाचे आहे. कड्याच्या पायऱ्यांवर थांबण्यापेक्षा पहिल्या पायरीपाशी थांबणे बरे. पहिल्या पायरीपेक्षा नांदुरीला थांबणे बरे आणि नांदुरीपेक्षा वाटेवरच्या आपल्या गावात, सावलीत, पाण्याजवळ थांबणे सर्वांत बरे. वैष्णोदेवीला कटरा येथेच यात्रापत्र देण्याची पद्धत आहे, तिच्यामागील तत्त्व हेच आहे.

आपल्याकडेही या तत्त्वाचा एक चांगला वापर रूढ झाला आहे. उत्सवकाळात खासगी वाहने नांदुरीला थांबवून पुढे राज्य परिवहनाच्या बसगाड्यांनी भाविकांना गडावर नेले जाते. आरंभी कुरकुर झाली तरी आज लोक ती व्यवस्था मानतात. घाटाचा रस्ता कसा आहे हे वेगळे सांगावयास नको. २० जानेवारी २००८ रोजी गडावरून परतणाऱ्या भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. १२ जुलै २०२३ रोजी गडाच्या घाटात पुन्हा एक बस दरीत गेली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. तेव्हा 'आमचीच गाडी वर सोडा' असा आग्रह धरणाऱ्या प्रतिष्ठितांना आपण नम्रपणे नकार दिला पाहिजे. एका गाडीला सूट मिळाली की तिच्यामागे दहा गाड्या उभ्या राहतात.

ग्रामपंचायतींचे काम

गडाची व्यवस्था देवस्थान आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे आहे. देवस्थान विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशांकडे असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुखत्व जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मग वाटेवरच्या ग्रामपंचायतीने काय करावे, असा प्रश्न काही सरपंच विचारतात. माझे उत्तर असे की, पायी येणारा यात्रेकरू गडावर काही तास असतो, पण आपल्या गावांच्या हद्दीत तो काही दिवस चालत असतो.

पहिले काम पाण्याचे. चैत्रातील उन्हात रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला सर्वांत आधी पाणी लागते. टँकर असो, विहीर असो वा टाकी असो, पाण्यात ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकली आहे किंवा नाही याची तपासणी रोज झाली पाहिजे आणि तिची नोंद वहीत असली पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून यात्रेतून पटकी गावोगाव पसरल्याचे दाखले आहेत. पटकीचे ते दिवस मागे पडले असले तरी गॅस्ट्रोचा धोका गेलेला नाही. प्रत्येक पाणपोईवर जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. गडावर भवानी तलाव आहे, परंतु ऐन उन्हाळ्यात वरचा साठा मर्यादितच असतो. खाली जेवढी तहान भागेल तेवढा वरचा ताण कमी होईल.

दुसरे काम जागेचे. रस्त्याच्या कडेला, वळणावर किंवा पुलाजवळ दुकान लावू देऊ नये. मांढरदेवला वाटेलगतच्या दुकानांनी आणि गॅसच्या टाक्यांनी संकट वाढविले, हे आपण पाहिले. दुकानदार हा आपलाच गरीब बांधव असतो. त्याला हुसकावून लावणे हा उपाय नव्हे. त्याला आधीच मोकळी, आखलेली जागा नेमून द्यावी, दोन दुकानांत अंतर ठेवावे आणि गॅसची टाकी कोठे असेल हे ठरवून द्यावे. ज्याला आपली जागा निश्चित ठाऊक असते, तो वाटेवर पाल ठोकत नाही.

तिसरे काम स्वच्छतेचे आणि स्त्रियांच्या सोयीचे. यात्रेकरूंमध्ये स्त्रियांची संख्या मोठी असते. आडोसा असलेली, उजेड असलेली आणि पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहे नसली, तर स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि मग उन्हात चक्कर येऊन पडतात. आरोग्य केंद्रात येणाऱ्या या भगिनींच्या आजाराचे मूळ पुष्कळदा आपल्या अव्यवस्थेत असते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये यात्रेकरूंवर कर बसविण्याचीही तरतूद आहे. जी पंचायत असा कर घेते, तिच्यावर या सोयींची जबाबदारी अधिकच येते.

शिक्षकांचे साहाय्य

शिक्षक बंधुभगिनींचा शब्द गावात मानला जातो, म्हणून त्यांच्याकडून दोन अपेक्षा आहेत. आपल्या शाळेतील जी मुले आईवडिलांबरोबर यात्रेला जाणार असतील, त्यांच्या खिशात गावाचे नाव आणि घरच्या मोबाइलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, याची काळजी घ्यावी. हरवलेल्या मुलाला पुष्कळदा आपल्या वडिलांचे नाव सांगता येते, पण गावाचा तालुका सांगता येत नाही. दुसरे असे की, गर्दीत कसे वागावे हे मुलांना शिकवावे. हात धरून चालावे, पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये, दाब वाढू लागला तर हात छातीपुढे घेऊन श्वासाला जागा ठेवावी आणि लोंढ्याच्या उलट न जाता तिरप्या दिशेने कडेला सरकावे. मुले हे घरी सांगतात आणि आईवडील मुलांचे ऐकतात. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

भाषा आणि अफवा

आपली सूचना लोकांना कळते काय, हा माझ्या खात्याच्या विचाराचा विषय आहे. गडावर येणाऱ्यांत अहिराणी बोलणारे खानदेशी असतात, सुरगाणा, पेठ, कळवण भागांतील आदिवासी बांधव असतात आणि गुजरातेतून येणारे भाविकही असतात. 'भाविकांनी निर्दिष्ट मार्गाचाच अवलंब करावा' असे आपण ध्वनिक्षेपकावरून सांगतो. हे वाक्य शुद्ध आहे, पण थकलेल्या माणसाच्या ते कानावरून जाते. 'डाव्या हाताने चढा, उजव्या हाताने उतरा' एवढेच अहिराणीत, मराठीत आणि गुजरातीत सांगितले तर काम होते. फलकावर अक्षराबरोबर बाणाचे आणि हाताचे चित्र असावे.

अफवेवर खरी माहिती हाच उपाय आहे. रांग तासभर थांबली आणि कोणी काहीच सांगितले नाही, की माणसे स्वतःच कारण शोधू लागतात. 'आरतीमुळे अर्धा तास बारी थांबली आहे, वर सर्व ठीक आहे' असे दर दहा मिनिटांनी सांगत राहिले, तर अफवेला जागा उरत नाही. हे सांगण्यासाठी प्रत्येक दिंडीच्या प्रमुखाचे नाव आणि क्रमांक आपल्याजवळ आधीच असावेत. ते मिळविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे वाटेवरील तुमची ग्रामपंचायत. दिंडी मुक्कामास आली की पाणी देताना एवढी नोंद करून घ्यावी आणि ती नांदुरीच्या नियंत्रण कक्षाला कळवावी. त्या रात्री किती माणसे वाटेवर आहेत, हे त्यामुळे गडाला आदल्या दिवशीच समजेल.

शिस्त हीही परंपराच

काही मंडळींना असे वाटते की, बंदोबस्त, बाऱ्या आणि कठडे यांमुळे यात्रेतला भाव नाहीसा होतो. या भावनेचा मी आदर करतो. परंतु आपल्या परंपरेकडे नीट पाहिले तर तिच्यात शिस्त पहिल्यापासून आहे. गडाच्या शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. शिखराची वाट अत्यंत बिकट आहे. लाखो माणसे खाली उभी असतात, परंतु ध्वजाबरोबर आपणही शिखरावर चढावे असे कोणी म्हणत नाही. एकाने वर जावे आणि बाकीच्यांनी खालून दर्शन घ्यावे, हे लोकांनी स्वखुशीने मानले आहे. पहाटे शिखरावर ध्वज फडकताना दिसला की जो जेथे उभा असेल तेथून हात जोडतो. या प्रथेच्या मुळाशी सुरक्षिततेचाच विचार असेल किंवा नसेल, पण तिने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना कड्यापासून दूर ठेवले आहे, हे खरे. कावडीवाला आपली कावड जमिनीवर टेकवीत नाही आणि दिंडीकरी आपली दिंडी मोडून पुढे धावत नाही. 'रांगेत उभे राहा' ही आज्ञा म्हणून सांगण्यापेक्षा, 'दिंडी मोडू नका' असे सांगितले तर लोकांना ते आपलेसे वाटेल.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. तिचा अभ्यास अधिकाऱ्यांनी अवश्य करावा. पण पुस्तकातील योजना पायवाटेवर उतरविण्याचे काम तुमचे आहे. यात्रेला चार दिवस उरले की सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि आरोग्यसेविका यांनी आपल्या हद्दीतील वाट एकदा स्वतः चालून पाहावी. तुटलेला कठडा, उघडी वीजवाहिनी, निसटलेला दगड, अंधारी जागा या गोष्टी जीपमधून दिसत नाहीत. त्या चालणाऱ्यालाच दिसतात. दिसेल ते वहीत लिहावे, दुरुस्त करता येईल ते करावे आणि उरलेले त्याच दिवशी तहसील कार्यालयाला लेखी कळवावे.

यात्रा निर्विघ्न पार पडली तर वर्तमानपत्रात त्याची फारशी बातमी येत नाही आणि कोणी आपले कौतुकही करीत नाही. आपले काम चोख झाल्याची खूण तीच. धुळ्याकडची एखादी म्हातारी चैत्र पौर्णिमेनंतर आपल्या दारात पोचेल, नातवंडांच्या हातावर प्रसाद ठेवील आणि 'औंदा दर्शन बरं झालं' एवढेच म्हणेल. त्या समाधानात आपला वाटा असेल, याहून अधिक मोबदला लोकसेवकाने मागू नये, असे मला वाटते.



जय हिंद! जय महाराष्ट्र!